दुसरी बॅटरी आणि ऊडनाडाटा ट्रॅक

बाबा ॲडलेडला आले ते झोपेचं मशीन सोबत घेऊनच. सीपॅप. रात्री नाकावर मास्क चढवायचा आणि मशीन सकाळपर्यंत हवा ढकलत राहतं. घरी काही प्रश्न नव्हता, भिंतीत सॉकेट आहे. पण आमचा बेत होता ऊडनाडाटा ट्रॅकचा, आणि तिथे मुळात भिंतच नाही.

ऊडनाडाटा ट्रॅक म्हणजे साउथ ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडचा सुमारे ६२० किलोमीटरचा कच्चा रस्ता. मारी या गावापासून निघतो आणि मार्लाला स्टुअर्ट हायवेला मिळतो. मधे वस्ती म्हणाल तर विल्यम क्रीक आणि ऊडनाडाटा. बाकी तंबू, तारे आणि आपली गाडी. जुलैमध्ये दिवसा हवा छान असते, रात्री मात्र पारा शून्याच्या आसपास उतरतो. अशा पहाटे चार माणसांना घेऊन डिझेल गाडी चालू झाली नाही, तर फोन करायला रेंजही नसते.

तर हिशेब असा. गाडीतला छोटा फ्रिज थंडीत दिवसाला २५ ते ३० अँपिअर-तास खातो (एक अँपिअर एक तास, हे बॅटरीतल्या साठ्याचं माप). फ्रिज हवाच होता, कारण आईने विरजणाचा डबा आणि कोथिंबिरीच्या जुड्या आधीच बाजूला काढून ठेवल्या होत्या. सीपॅपचा ह्युमिडिफायर बंद ठेवला आणि १२ व्होल्टचा अडॅप्टर वापरला, तर रात्रीचे आणखी १० ते १५. गाडीची मूळ बॅटरी साधारण ७० अँपिअर-तासांची. ती बनवलेलीच असते स्टार्टरला काही सेकंद शेकडो अँपिअर देण्यासाठी आणि लगेच पुन्हा भरली जाण्यासाठी. रात्रभर हळूहळू उपसली जाणं तिला सोसत नाही. अर्ध्याखाली दोन-चारदा गेली की तिचा जीव जातो. म्हणून दुसरी बॅटरी. लोक तिला चैन समजतात, पण खरं काम तिचं एकच: पहिलीला हात लावू न देणं.

आमची गाडी, टोयोटा प्राडो, दहा वर्षं जुनी. बॉनेटखाली दुसऱ्या बॅटरीला जागा होती, तरी मी तिथे बसवली नाही. शंभर अँपिअर-तासांची एजीएम, म्हणजे शिशाचीच पण सीलबंद, बॅटरी तीसेक किलोची असते आणि तिच्यातली निम्मीच वीज निर्धास्तपणे वापरता येते. तेवढ्याच क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट बारा-तेरा किलोची, आणि ऐंशी-नव्वद टक्के वापरा, कुरकुर नाही. महाग आहे, पण मागे तंबू, पाणी, चार माणसांचं सामान धरलं की वाचलेला किलो न किलो मोलाचा. मात्र लिथियमला इंजिनची धग चालत नाही. म्हणून ती गेली डिकीत, डाव्या चाकाच्या वरच्या कोनाड्यात, खाली लोखंडी ट्रे आणि वरून पट्टी. हे बोल्ट गाडीच्या पत्र्याला नीट आवळायला हवेत. ब्रेक दाबला आणि बारा किलोचा ठोकळा पुढे आला, तर सीटवरच्या माणसाचं काय होईल ते सांगायला नको.

बॅटरी मागे, आणि इंजिनवर फिरून वीज बनवणारा अल्टरनेटर पुढे. खरं काम सुरू होतं ते इथून.

बाबांची उभी नोकरी एमएसईबीत झाली. गाडीच्या १२ व्होल्टकडे ते आधी जरा वरूनच बघत होते. ‘हे काय, टॉर्चचं काम!’ त्यातून ऑस्ट्रेलियात घरातलं साधं बटणसुद्धा स्वतः बदलता येत नाही, परवानाधारक इलेक्ट्रिशियनच लागतो, हे कळल्यापासून त्यांचा या देशावर थोडा रागच होता. गाडीची १२ व्होल्टची वायरिंग मात्र आपली आपण करता येते, म्हटल्यावर त्यांनी बाह्या सरसावल्या.

पहिला वाद वायरवर. इथल्या मोटरपार्टच्या दुकानात ‘६ मिलिमीटर’ म्हणून जी ऑटो केबल मिळते, तिचा तो आकडा वरच्या प्लास्टिकसकटचा व्यास असतो. आतलं तांबं जेमतेम साडेचार चौरस मिलिमीटर. बाबांनी रीळ हातात घेतलं, टोक सोललं आणि माझ्याकडे बघितलं.

‘ही सहाची आहे?’

‘बाबा, इथे तसंच लिहितात.’

‘लिहू देत. तांबं मोजायचं, कव्हर नाही.’

मग जेवणाच्या टेबलावर पाठकोऱ्या कागदावर गणित. पुढून मागे पाच मीटर, परतीचे पाच, एकूण दहा. करंट २५ अँपिअर. साडेचार चौरस मिलिमीटरच्या तारेत जवळजवळ एक व्होल्ट वाटेतच जातो. साडेतेराच्या तारेत, म्हणजे इथे जिला सिक्स बी अँड एस म्हणतात तिच्यात, तोच तोटा एक तृतीयांश व्होल्टवर येतो. २३० व्होल्टमधून एक गेला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. १२ मधून एक गेला तर बॅटरी कधीच पुरती भरत नाही. ‘टॉर्चचं काम’ हा शब्दप्रयोग त्यानंतर ऐकू आला नाही.

मधे चार्जर कोणता, हा प्रश्न सोपा होता. जुन्या पद्धतीत दोन बॅटऱ्यांच्या मधे रिले असतो. इंजिन चालू होऊन व्होल्टेज साधारण १३.३ च्या वर गेलं की तो दोघींना जोडतो, इंजिन बंद झालं की तोडतो. स्वस्त आणि भरवशाचा. पण लिथियमला भरायला १४.२ च्या पुढे व्होल्टेज लागतं, आणि हल्लीचे अल्टरनेटर इंधन वाचवायला मधेच व्होल्टेज खाली आणतात. शिवाय लिथियम बॅटरी रिकामी असली की अधाशासारखा करंट ओढते, त्यात अल्टरनेटर जळू शकतो. म्हणून डीसी-डीसी चार्जर, २५ अँपिअरचा. तो पुढून येईल ते घेतो आणि मागे हवं तेच, हवं तेवढंच देतो.

फ्यूज दोन, प्रत्येकी ४० अँपिअरचे. एक पुढच्या बॅटरीपासून वीतभर अंतरावर, दुसरा मागच्या बॅटरीपाशी. दोन का, असं बायकोने विचारलं. चार्जरच्या पुढची वायर घासून पत्र्याला टेकली तर पुढच्या बॅटरीतून करंट धावत येणार, मागची टेकली तर मागच्या, बॅटरी दोन्हीकडे आहे ना. फ्यूज वायर वाचवायला असतो, चार्जर वाचवायला नाही. दुकानदार मंडळी हे अनेकदा उलटं सांगतात.

सगळ्यात जास्त वेळ गेला लग, म्हणजे वायरच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपणं, लावण्यात. बाबा पक्कडीने दाबू देईनात. हायड्रॉलिक क्रिंपर भाड्याने आणला. प्रत्येक लग दाबून झाला की वायर पायाखाली धरून दोन्ही हातांनी ओढायची, सुटली नाही तरच त्यावर डिंकवाली हीट-श्रिंक नळी, गरम केली की आवळून बसणारी. फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या, भोकात रबरी ग्रोमेट, पुढची सगळी वायर काळ्या पन्हाळीदार पाइपात, दर वीतभरावर टाय. अर्थिंगसाठी बाबांनी बोल्टखालचा रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडला, मग दातेरी वॉशर, मग वरून ग्रीस. चार्जर चालू केला आणि मल्टीमीटरने पुढची आणि मागची मापं घेतली, तेव्हा कागदावरच्या आकड्यापेक्षा किंचितच फरक होता. बाबा काही बोलले नाहीत, फक्त चहा मागितला.

ॲडलेडहून मारीपर्यंतचा प्रवास लांबलचक, पण त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. फ्लिंडर्सच्या डोंगररांगा सुंदर आहेत, त्यांवर वेगळं लिहीन. मारीला जुन्या घान रेल्वेची गंजलेली इंजिनं उभी आहेत. ती रेल्वे १९८० मध्ये बंद झाली. उंटवाल्या अफगाणांच्या काळातल्या मशिदीची प्रतिकृतीही आहे. डिझेल भरलं, टायरमधली हवा कमी केली, रस्ता उघडा असल्याची पाटी वाचली आणि निघालो. पाऊस पडला की हे रस्ते बंद होतात, आणि बंद रस्त्यावर गाडी घातली तर जबर दंड बसतो.

रस्ता पन्हाळी पत्र्यासारखा. त्या खडखडाटात कपाटातले डबे बोलतात, दात बोलतात, आणि ढिला राहिलेला प्रत्येक नट हळूहळू निघून येतो. लेक एअर साउथच्या दर्शनाला थांबलो, ते पांढरंफटक मीठ समुद्रसपाटीच्याही खाली आहे. सगळे फोटो काढत होते आणि बाबा बॉनेट उघडून फ्यूजच्या नटांवर बोट फिरवत होते. एकही हलला नव्हता.

कावर्ड स्प्रिंग्सला मुक्काम. खजुराची झाडं, आणि जमिनीतून येणाऱ्या कोमट पाण्याचं छोटं टाकं. हे पाणी ग्रेट आर्टेशियन बेसिनचं, खंडाच्या पोटातून आलेलं. आई पाय सोडून बसली ती उठेना. रात्री बाबांचं मशीन चालू झालं आणि मी मीटरकडे डोळे लावून जागा. पहाटे बाहेर तंबूवर दहिवर गोठलेलं. शून्याखाली लिथियम बॅटरी चार्ज करायची नसते, आतली बीएमएस, म्हणजे बॅटरीला जपणारं सर्किट, तेवढ्यापुरतं चार्जिंग अडवते. पण डिकी बंद होती आणि बॅटरी ७ अंशांवर. शिल्लक ६८ टक्के. इंजिन पहिल्या फटक्यात लागलं.

विल्यम क्रीकच्या अलीकडे स्ट्रँगवेज स्प्रिंग्स. तिथले दगडी पडके अवशेष पाहायला फार लोक थांबत नाहीत, मला मात्र अख्ख्या ट्रॅकवर तीच जागा सगळ्यात आवडली. १८७२ मध्ये ॲडलेड ते डार्विन तारायंत्राची लाइन पुरी झाली, सुमारे ३,२०० किलोमीटर, ३६ हजारांच्या आसपास खांब. डार्विनहून समुद्रातली केबल जावाला, तिथून सिंगापूर, मद्रास, आणि जमिनीवरून मुंबई. मुंबईहून १८७० मध्येच एडन-सुएझकडे केबल पडली होती. म्हणजे ॲडलेडचा निरोप लंडनला जायचा तो मुंबईवरून.

बाबांना माहितीफलकावरचं एवढंच वाचून दाखवलं, तर त्यांचा प्रश्न वेगळाच. ‘तार कसली होती?’

‘लोखंडाची. वर जस्ताचा मुलामा. एकच तार.’

‘एकच? मग परतीची?’

‘जमीन.’

ते हसले. आमच्या गाडीतही फ्रिजची, दिव्यांची परत पत्र्यातूनच होते. लोखंडाचा विरोध तांब्याच्या साधारण सहापट, त्यात शेकडो किलोमीटर अंतर, त्यात खांबांवरून होणारी गळती. म्हणून अडीचशे-तीनशे किलोमीटरवर एकेक ठाणं. तिथे बॅटऱ्यांची रांग आणि तारमास्तर. येणारा क्षीण कटकटाट ऐकायचा, उतरवून घ्यायचा आणि ताज्या बॅटरीवर पुढे ठोकायचा. स्ट्रँगवेज हे तसंच ठाणं. ‘म्हणजे तुझा डीसी-डीसी चार्जर,’ बाबा म्हणाले, आणि त्या भिंतींत बराच वेळ फिरत राहिले. खोली कोणती, बॅटऱ्या कुठे असतील, तार कुठून आत येत असेल. आम्ही गाडीत बसून शेंगदाण्याचे लाडू संपवले.

अल्जेबकिना पुलाजवळच्या मुक्कामी सकाळी शेजारची गाडी बोंबलली. म्हातारं जोडपं, एकच बॅटरी, फ्रिज रात्रभर तिच्यावर. चावी फिरवली की नुसतं टक्, टक्. आजोबा आमच्या डिकीकडे बोट दाखवून म्हणाले, तुमच्याकडे दुसरी आहे ना, तिच्यावरून द्या.

तिच्यावरून देता येत नाही. बऱ्याच शंभरीच्या लिथियम बॅटऱ्यांची बीएमएस शंभरेक अँपिअरच्या पुढे करंट जाऊच देत नाही. डिझेलच्या स्टार्टरला त्याच्या कित्येक पट लागतो, मग ती सरळ स्वतःला बंद करून घेते. रिलेवाल्या जुन्या जोडणीत, दोन्ही शिशाच्या बॅटऱ्या असतील तर बटण दाबून दोघींचं बळ एकत्र करता येतं. डीसी-डीसीत ती सोय नाही, दोघी कधी भेटतच नाहीत. तेव्हा द्यायची ती आमची पहिलीच. आमचं इंजिन चालू ठेवून जंपर केबल लावल्या. लाल दोन्हीकडे, काळी आमच्या बॅटरीला, आणि शेवटचा काळा चिमटा त्यांच्या इंजिनच्या उघड्या लोखंडावर, बॅटरीपासून लांब. मरगळलेल्या बॅटरीतून हायड्रोजन निघू शकतो, तिथे ठिणगी नको. आजोबा तो चिमटा सवयीने बॅटरीच्याच टोकाला लावायला गेले तर बाबांनी त्यांचं मनगटच धरलं. ‘नो, नो. हियर.’ दहा मिनिटांनी गाडी लागली. आजीबाईंनी फ्रिजमधला केक काढून दिला.

पुढे ऊडनाडाटाचं गुलाबी रोडहाउस, बर्गर, धूळ, आणि मार्लाला डांबर. तिथे चहा पिता पिता छपरावर १६० वॅटचं सोलर पॅनल टाकायचा विषय निघाला. एकाच जागी राहायचं असेल तर इंजिन चालत नाही, मग भरणार कोण? मला पॅनल छपरावर पक्कं हवं. बाबा म्हणतात सुटं ठेव, अँडरसन प्लग लाव, झटकन जोडता-सोडता येणारा, म्हणजे गाडी सावलीत आणि पॅनल उन्हात. वायर किती मीटरची घ्यायची यावर पोर्ट ऑगस्टापर्यंत गणित चालू होतं. पाठकोरा कागद संपला तेव्हा बाबांनी डिझेलच्या पावत्या मागून घेतल्या.