तुम्ही विचारलंत म्हणून: ५२ हजार का नाही लिहिलं?

पानठेल्यावर खर्रा घोटता घोटता विचारतात. लग्नाच्या पंगतीत विचारतात. परवा मयतीला गेलो, तर तिथंही एकजण जवळ सरकला आणि हळूच म्हणाला, "सर, ५२ हजार लिवून टाकलं असतं त काय बिघडलं असतं?" तेव्हाच ठरवलं, एकदाचं लिहून काढायचं आणि पुढे कुणी विचारलं की हेच वाचायला द्यायचं.

श्रावणातली बारमधली ती प्रश्नमंजूषा, शेवटची बरोबरी, लोणार सरोवराच्या वयाचा प्रश्न, त्यावर मी ५२ हजार वर्षं न लिहिणं आणि म्हणून आमचा दुसरा नंबर, एवढं पंचक्रोशीला पाठ आहे. मास्तर बारमध्ये गेलाच कसा, याला मी आता उत्तरच देत नाही. आपल्या वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे, नदीचा पूल ओलांडला की अमरावती जिल्हा लागतो, आणि संध्याकाळी त्या पुलावरून कोण कशासाठी जातं हे विचारणाऱ्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. मी लिंबू सोडा प्यायलो आणि शेवभाजी खाल्ली. शेवभाजी बरी होती.

बारवाल्याचा हिशेब सरळ होता. श्रावणात पिणारेही पीत नाहीत, मटण बंद, पोळ्याच्या करीपर्यंत खुर्च्या रिकाम्या. त्याचा मुलगा पुण्यात नोकरी करून परतलेला. तिकडे त्यानं अशा स्पर्धा पाहिल्या होत्या. चौघांची टीम, पहिलं बक्षीस ११ हजार, दुसरं ५ हजार, मोबाइल काउंटरवरच्या टोपलीत जमा. उत्तरं लिहायला प्रत्येक टेबलाला ऑर्डर घ्यायचं पुस्तक, मधे कार्बन. वरची प्रत त्यांना, खालची आपल्याला.

आमच्या टीमचं नाव 'ड्राय डे'. ते कंडक्टरसाहेबांनी सुचवलं आणि नाव पुकारल्यावर सगळा हॉल हसला. कंडक्टरसाहेब जुनी गाणी आणि रेल्वे-एसटीच्या प्रश्नांसाठी. कृषी केंद्रवाले भाऊ क्रिकेटसाठी. मी भूगोल-इतिहासासाठी. चौथा माझा जुना विद्यार्थी. आयोगाच्या परीक्षांची तयारी करतो. त्याचं नाव घालू नका म्हणाला, म्हणून घालत नाही. पहिलं बक्षीस मिळालं तर अख्खी रक्कम त्याच्या अमरावतीच्या खोलीभाड्याला आणि अभ्यासिकेला द्यायची, हे पुलावरच ठरलं होतं. हे लोकांना माहीत आहे, म्हणूनच तो प्रश्न इतका बोचरा होतो.

सुरुवातीच्या फेऱ्या आम्ही मस्त खेळलो. विदर्भानं पहिल्यांदा रणजी जिंकली त्या अंतिम सामन्यात हॅट्ट्रिक कुणाची, हा प्रश्न पुरा व्हायच्या आत भाऊंनी रजनीश गुरबानी लिहून पान फाडलंही. शकुंतला रेल्वे कोणत्या दोन गावांच्या मधे, यावर कंडक्टरसाहेबांनी यवतमाळ-मूर्तिजापूर लिहून खाली 'गेज अडीच फूट' असं न विचारलेलंही लिहिलं. वर्धा आणि वैनगंगा मिळून पुढे कोणती नदी होते? प्राणहिता. गाडगेबाबांनी देह कुठे ठेवला? वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलावर, १९५६. पोरानं तारखेसकट सांगितलं, २० डिसेंबर. सिनेमाच्या फेरीत मात्र आम्ही सपाटून पडलो. नव्या नट्या आम्हा चौघांपैकी कुणालाच ओळखता येत नाहीत.

शेवटी धामणगावकडच्या एका टीमशी बरोबरी. निकालासाठी एकच प्रश्न. दोघांनी आकडा लिहायचा, ज्याचा उत्तराच्या जवळ तो जिंकला. मालकाच्या मुलानं मोबाइलवरून वाचलं, "लोणार सरोवर किती वर्षांपूर्वी तयार झालं?"

पेन माझ्या हातात होतं. आता इथं थोडं थांबून सांगावं लागेल, कारण 'मास्तरला शहाणपण दाखवायचं होतं' एवढंच लोकांनी लक्षात ठेवलंय.

मी शाळेत होतो तेव्हा आमच्या गुरुजींनी लोणार म्हणजे विझलेल्या ज्वालामुखीचं तोंड असं शिकवलं. खरं तर १९७३ सालीच तळाशी खोदून काढलेल्या खडकांत मोठ्या आघाताच्या खुणा सापडल्या होत्या आणि उल्केचं प्रकरण पक्कं झालं होतं. आमच्या वर्गापर्यंत ती बातमी आलेली नव्हती. पुढे मी मास्तर झालो. तोवर वय मोजलं गेलं होतं. काचेसारख्या वितळलेल्या खडकात शेवटच्या तापण्यानंतर साठलेली ऊर्जा मोजायची एक पद्धत आहे, तिनं उत्तर आलं ५२ हजार, मागेपुढे ६ हजार. तोच आकडा मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिला. त्यानंतर, २०१०-११ च्या सुमारास, दुसऱ्या पद्धतीनं मोजलं. वितळलेल्या खडकात पोटॅशियमपासून किती आर्गॉन तयार झाला ते बघतात. उत्तर आलं ५ लाख ७० हजार, मागेपुढे ४७ हजार. म्हणजे नव्या आकड्यातली नुसती चूकभूल जवळपास जुन्या आकड्याएवढी! मला हे कळलं ते एका मासिकात, तेही बरंच उशिरा. तो लेख मी एका बैठकीत तीनदा वाचला होता.

तर मी लिहायला लागलो आणि पोरानं माझं मनगट धरलं. जोरात नाही. म्हणाला, "सर, ५२ लिवा. त्याच्याजवळ थेच असन."

मी म्हटलं, "अरे पण ते आता खरं नाही."

"खरं-खोटं कोन विचारते जी? तुमीच त फळ्यावर लिवून देल्लं होतं."

भाऊ म्हणाले, पोरगं बरोबर म्हणतंय. कंडक्टरसाहेब गप्प. घंटी वाजायला थोडाच वेळ उरलेला. 'माल' आणि 'नग' असे दोन रकाने असलेल्या त्या पानावर मी 'नग'च्या खाली लिहिलं: ५,७०,०००. पान फाडताना कार्बन सरकला आणि खालच्या प्रतीवर शेवटचं शून्य उमटलंच नाही. घरी कुणीतरी ती प्रत बघितली आणि गावात झालं, मास्तरनं ५७ हजार लिहिलं होतं, जवळच तर होतं, बारवाल्यानं फसवलं. हे साफ खोटं आहे. मालकाच्या मुलानं कुणालाही फसवलं नाही.

समोरच्या टीमनं ५० हजार लिहिलं होतं. मी उठून दोन पद्धती, खडक, आर्गॉन असं सांगायला लागलो. मालकाचा मुलगा अदबीनं म्हणाला, "सर, माझ्याकडे ५२ हजार आहे, मी काय करू?" मागच्या टेबलावरून श्रावण न पाळणारा एकजण ओरडला, "मास्तर, शाळा सुटली!" हॉल पुन्हा हसला. माझ्या विद्यार्थ्यानं मान खाली घातली. माझ्यामुळे की बक्षिसामुळे, मी विचारलेलं नाही.

परतताना पुलावर कुणी बोललं नाही. दुसऱ्या बक्षिसाचे ५ हजार त्यालाच दिले. पहिल्या बक्षिसाला कमी पडलेले ६ हजार स्वतःचे घेऊन मी दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेलो. त्याची आई वाती वळत बसली होती, तिनं चहा ठेवला. तो म्हणाला, "तुमचे कायले जी, सर?" आणि पाकीट माझ्या पिशवीत परत सरकवलं. गावात या सगळ्या प्रकरणाला 'सहा हजाराचं खरं' म्हणतात. म्हणा.

आता माझी बाजू. ज्याला मी भूगोल शिकवला, त्याच्यादेखत जुना आकडा लिहायचा, तेही पैशासाठी? उद्या तो वर्गावर उभा राहिला, तर काय शिकवेल? शिवाय ही बारची स्पर्धा, आयोगाची परीक्षा नव्हे. इथं जरा खरं लिहायची चैन परवडायला हवी.

पण ही चैन कुणाच्या खिशातून, हा प्रश्न मला रात्री पडतो. आणि दुसरं म्हणजे, मार्गदर्शन वर्गात मीच मुलांना सांगत आलो की परीक्षेत तुमचं मत विचारत नाहीत, उत्तर विचारतात. चुकीला पाव गुण कापला जातो. तालिका मान्य नसेल तर हरकत नोंदवा, पण पेपर सोडवताना भांडू नका. पोरानं त्या रात्री माझाच धडा म्हणून दाखवला. त्याच्या भाषेत सांगायचं तर, आयोगाकडे हरकत घेता येते, बारमध्ये कुठं घ्यायची?

अमेरिकेतली एक जुनी गोष्ट आहे. सामान्यज्ञानाचा कोश करणाऱ्या फ्रेड वर्थनं, आपली माहिती कुणी उचलली तर कळावं म्हणून, कोलंबो या टीव्हीवरच्या गुप्तहेराचं पहिलं नाव फिलिप असं मुद्दाम बनवून छापलं. ट्रिव्हियल पर्स्यूट या खेळाच्या कार्डांवर नेमकं तेच आलं. वर्थनं १९८४ मध्ये दावा ठोकला आणि हरला. तथ्यांवर कुणाची मालकी नसते, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. यात मला सगळ्यात मजेचं हे वाटतं, की त्या खेळात ज्यांनी ज्यांनी फिलिप म्हटलं असेल त्यांना गुण मिळालेच असतील. भाऊंना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मंग तुमी बी फिलिप लिवायचं होतं ना जी!"

आणि ५ लाख ७० हजार तरी शेवटचं आहे का? विवराची कड बघा, इतकी कमी झिजलेली, की जुन्या आकड्यावर विश्वास बसावा असंच ते दिसतं. गुरुजींनी ज्वालामुखी शिकवला तेव्हा त्यांनाही खात्री होती. मला ५२ हजारांची होती. मग त्या रात्री नेमकी कशाच्या जोरावर मी पोराचा हात बाजूला केला? ज्ञानाच्या, की आपण ताजं वाचलंय याच्या? दोन्ही असेल. पण वाचलेलं विसरल्याचं सोंग मला तेव्हा करता आलं नसतं, हे मी अजूनही छातीवर हात ठेवून सांगतो.

गेल्या महिन्यात त्यानं व्हॉट्सॲपवर सराव प्रश्नपत्रिकेचा फोटो पाठवला. लोणारचं वय, चार पर्याय. ५ लाख ७० हजार त्यात नव्हतंच. खाली लिहिलं होतं, "सर, कोनतं टिक करू?"

मी लिहिलं, "५२ हजार."

हे कळलं की तुम्ही म्हणाल, मग बारमध्ये काय झालं होतं? तिथं पर्याय नव्हते, रकाना रिकामा होता. बायकोला हे कारण सांगितलं तर ती म्हणाली, सहा हजाराला फार महाग रकाना. भाऊ यंदाही टीम काढतायत आणि पेन पोराकडे द्यायचं म्हणतायत. मी हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही.