परीक्षा विभागात नोकरी, आणि डिसेंबरात माझीच परीक्षा

एका विद्यापीठाच्या परीक्षा विभागात मी चौदा वर्षं काम करते. पुनर्मूल्यांकनाचं टेबल माझ्याकडे आहे. वयाच्या 38व्या वर्षी इग्नू या मुक्त विद्यापीठातून एम. ए. शिक्षणशास्त्राला नाव घातलं आणि उच्च शिक्षण हा विशेष विषय घेतला. ज्या कारभारात रोजचा दिवस जातो, तो असाच का चालतो हे मला समजून घ्यायचं होतं.

प्रवेश सोपा होता. अडलं ते परवानगीपाशी. माझा एका पानाचा अर्ज आस्थापना विभागात गेला, 'अभ्यासामुळे कामावर परिणाम होणार नाही' असं हमीपत्र जोडा म्हणून परत आला, पुन्हा वर गेला. यात तीन महिने गेले, जुलैचा प्रवेश हुकला आणि जानेवारीपर्यंत थांबावं लागलं. ते अजून मनाला लागतं. विद्यापीठातल्या माणसाला शिकायचं असेल तर निदान ती फाईल तरी लवकर हलावी.

अभ्यास इंग्रजीत किंवा हिंदीत, मराठी माध्यम नाही. मी इंग्रजी घेतलं आणि समासात मराठीत लिहीत गेले. सासूबाई सकाळचा स्वयंपाक बघायच्या, म्हणून पाच ते सात हा वेळ माझा. स्वाध्यायांना 30 टक्के आणि लेखी परीक्षेला 70 टक्के भारांक होता, त्यामुळे स्वाध्याय टाळून चालत नसे.

एका पहाटे वाचलं की 1857 साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही विद्यापीठं लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघाली. शिकवायचं महाविद्यालयांनी, परीक्षा घ्यायची विद्यापीठाने. मी पुस्तक मिटून बसले. 'सर्व संलग्न महाविद्यालयांच्या प्राचार्यांना कळविण्यात येते की' हे वाक्य मी किती वेळा टंकलं असेल! शिकवणारा एकीकडे आणि तपासणारा दुसरीकडे का, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. पुढे राधाकृष्णन आयोग आला, 1948-49 चा. विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची झाली तर ती परीक्षांची सुचवू, असं त्या आयोगाने म्हटलं होतं. ते वाक्य वहीत उतरवून ऑफिसच्या खणात ठेवलं. आजही तिथेच आहे.

खरी ओढाताण डिसेंबरची. इग्नूच्या सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबरात असतात, आणि आमच्याकडेही नेमकी तीच धांदल. अर्जित रजा मंजूर करताना साहेब म्हणाले, "ताई, निकालाच्या तोंडावर?" पण सही केली. दोन पेपरांच्या मधल्या दिवशी मी ऑफिसला जाऊन अर्ज निकाली काढले.

पहिल्या पेपराला उत्तरपत्रिका हातात आली आणि पानावरचे चौकोन बघून हात थबकला. नोंदणी क्रमांकातला एक आकडा चुकला तर पुढे काय होतं ते मी रोज बघते. बोट ठेवून एकेक आकडा ओळखपत्राशी ताडला, तरी घसा कोरडाच. असा घोळ घेऊन कुणी खिडकीवर आलं की मी म्हणायचे, "नीट बघून लिहायचं ना." त्या दिवसानंतर ते वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही.

लघुप्रबंधासाठी मी आमच्याच टेबलाचा विषय घेतला: पुनर्मूल्यांकनाची सूचना विद्यार्थ्यांना कितपत कळते? आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागायची, ती मिळाल्यावर ठरावीक दिवसांत पुनर्मूल्यांकनाचा अर्ज, असा क्रम आहे. सूचनेत मात्र 'विहित मुदतीत उपरोक्त प्रक्रियेनुसार' एवढंच. एका मुलीला मी ती मोठ्याने वाचायला सांगितली. 'विहित'पाशी ती अडखळली आणि विचारलं, "मॅडम, म्हणजे कधीपर्यंत?" तारीख दुसऱ्या पानावर, तळाला होती. सूचना मीच काढलेली. त्या रात्री प्रबंधाची सगळी प्रश्नावली मी बदलली.

पदवी मिळाली तो निरोप मामांनी, आमच्या शिपायांनी, सगळ्या विभागात फिरून सांगितला. सेवापुस्तकात नोंदही झाली. पगारात फरक पडला नाही, तो पडेल म्हणून मी शिकायला बसले नव्हते.

सूचनेचा नवा मसुदा तयार केला आहे. पहिल्याच ओळीत शेवटची तारीख, मग कोणता अर्ज आधी आणि कोणता नंतर, मग शुल्क. टिपणी लावून वर पाठवला. फाईल सध्या उपकुलसचिवांच्या टेबलावर आहे, आणि मी दर सोमवारी जाऊन विचारते.