चिनी मातीचं घड्याळ: बनवणारे दोन

चिनी मातीचं जुनं घड्याळ कुणी बनवलं, हा प्रश्न दोनदा विचारावा लागतो. बाहेरचं कवच एका कारखान्याचं, आतलं यंत्र दुसऱ्याचं. तबकडीवरचं नाव तर कित्येकदा नुसतं विकणाऱ्याचं असतं. म्हणून मी माझ्या घड्याळाची पाठ आधी पाहिली.

मागचं गोल झाकण उघडलं, लंबक उतरवला आणि टॉर्च तिरका धरला. समोरून प्रकाश पाडला तर पितळ नुसतं चमकतं; तिरक्या उजेडात ठसा उठून दिसतो. भिंगातून अक्षरं लागली: अॅन्सोनिया क्लॉक कंपनी, न्यूयॉर्क. शेजारी पेटंटची तारीख होती. तिला घड्याळाचं वय समजू नये, कारण पेटंट मिळाल्यावर तोच ठसा वर्षानुवर्षं मारला जाई. यंत्र मी बाहेर काढलं नाही. काढायचंच असेल तर दोन्ही स्प्रिंगांचा ताण आधी उतरवावा. भरलेली स्प्रिंग सुटली तर बोटं फोडते.

कवचाच्या पाठीवर मुकुट, एफ आणि एम ही अक्षरं, आणि ‘रॉयल बॉन, जर्मनी’. नख फिरवलं तर कुठेच अडखळलं नाही. शिक्का झिलईच्या खाली होता, म्हणजे भट्टीत जाण्याआधीचा. झिलईवरचा शिक्का खोटाच असतो असं नाही, पण नंतर मारणं सोपं, म्हणून तिथे जास्त पारखावं. हे कवच बॉनच्या फ्रान्झ अँटोन मेहलेम यांच्या कारखान्याचं. 1836 ते 1931 चाललेला हा कारखाना अॅन्सोनियाला कवचं पुरवायचा.

काळ ठरवायला मला सगळ्यात उपयोगी पडला तो ‘जर्मनी’ हा शब्द. अमेरिकेच्या 1890 च्या मॅकिन्ली कायद्यामुळे 1891 पासून आयात मालावर देशाचं नाव लागू लागलं. 1929 मध्ये अॅन्सोनियाची यंत्रसामग्री सोव्हिएत संघाला विकली गेली. माझं घड्याळ या दोन वर्षांच्या मधलं.

‘ला लेयॉन’ हे पाठीवरचं नाव मॉडेलचं. ते जुन्या कॅटलॉगच्या पुनर्मुद्रणात शोधताना मी फुलं आणि रंग बाजूला ठेवले, कारण एकाच साच्यावर निरनिराळी चित्रं काढलेली असतात. पाय, खांद्याची वळणं आणि माथ्यावरची नक्षी तेवढी ताडून पाहिली, आणि ती तंतोतंत जुळली.