साडेतीन मिलिमीटर हाड

२०१७ साली वरची उजवी मोठी दाढ काढली, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "सहा महिन्यांत तिथं काहीतरी बसवून घ्या." मी मान डोलावली आणि सहा वर्षं तिकडं फिरकलो नाही. काढायला पंधरा मिनिटं लागली होती आणि पाचशे रुपये. जेवण डाव्या बाजूनं होत होतं, हसताना फट दिसत नव्हती, मग घाई कसली? मी शाळेत पीटीचा मास्तर. दुखणं अंगावर काढू नका, असं पोरांना सांगायचं काम माझंच, ते सोडा.

जाग आली ती खालच्या दाढेमुळं. समोर टेकायला कुणी नाही म्हणून ती हळूहळू वर सरकायला लागली होती आणि शेजारच्या फटीत मेथीची काडी, कोथिंबीर, काय वाट्टेल ते अडकायचं. जानेवारी २०२३ मध्ये एका चकाचक दवाखान्यात गेलो. साधा एक्स-रे बघून तिथं म्हणाले, "आजच स्क्रू टाकू, तीन दिवसांत दात." वर आठवडाभराची ऑफरही होती. साडी घ्यायला आलोय की दात, हे कळेना. उठून आलो.

सांगलीतच दुसरीकडं गेलो. त्या डॉक्टर मॅडमनी तोंडात बघितलं आणि आधी सीबीसीटी स्कॅन, म्हणजे जबड्याचा सगळ्या बाजूंनी दाखवणारा थ्रीडी एक्स-रे, काढून आणायला लावला. मग कॉम्प्युटरवर बोट ठेवून समजावलं, "सर, हे काळं दिसतंय ती हवेची पोकळी, सायनस. दात असताना हाड इथपर्यंत होतं. दात गेला की हाडाला काम उरत नाही, ते झिजत जातं. वरून सायनसही खाली उतरतो." उरलेल्या हाडाची उंची मोजली, ती ३.५ मिमी. बसवायचा स्क्रू १० मिमीचा. बोटभर जाडीच्या फळीत तीन बोटं लांबीचा खिळा ठोकायचा, असा मामला होता. म्हणजे आधी सायनसचा पडदा वर उचलून खाली हाड भरायचं, ते धरेपर्यंत सहा महिने थांबायचं, मग इम्प्लांट, म्हणजे तो स्क्रू, आणि आणखी काही महिन्यांनी त्यावर दाताची कॅप.

पण त्याच्याही आधी शुगर. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी, ८.४ निघाली. "सातच्या खाली आणा, मग बोलू," म्हणाल्या. शुगर जास्त असली की जखम भरत नाही आणि जंतुसंसर्गाची भीती वाढते. तंबाखू, मशेरी आहे का, हेही खोदून विचारलं. ते व्यसन नशिबानं नाही. मात्र पोरांना ग्राउंडला फेऱ्या मारायला लावून आपण शिट्टी तोंडात घेऊन उभं राहायचं, हे वीस वर्षांचं व्यसन सुटलं. एप्रिलमध्ये ६.९ आली.

मग निघाला तो प्रश्न, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो. हाड भरायचं म्हणजे कुणाचं?

मी माळकरी. वडिलांच्या, अण्णांच्या, हातून माळ घातलेली. संमतीपत्रात ग्राफ्टपुढं, म्हणजे भरायच्या हाडापुढं, नुसतं कंपनीचं नाव होतं, त्यावरून काही कळेना, म्हणून विचारलं. मॅडमनी आडपडदा ठेवला नाही. सर्रास वापरतात ते दाणे गाईच्या हाडापासून बनवतात. त्यातलं प्रथिनं वगैरे सगळं काढून टाकलेलं असतं, नुसता खनिजाचा सांगाडा उरतो, आणि निकाल चांगले आहेत. दुसरा पर्याय दान केलेल्या माणसाच्या हाडाचा. तिसरा आपल्याच जबड्याचा, पण त्याला दुसरी जखम करावी लागते. चौथा कॅल्शियम फॉस्फेटपासून कारखान्यात बनवलेल्या दाण्यांचा. मी म्हटलं, चौथा. त्या म्हणाल्या, "चालेल, पण वर झाकायचा कोलॅजनचा, म्हणजे कातडीत-हाडात असणाऱ्या प्रथिनाचा, पडदाही बहुतेक वेळा डुकराचा नाहीतर गाईचाच असतो." हे मी विचारलंच नसतं! शेवटी ठरलं, कृत्रिम दाणे, त्यात माझ्याच हाडाचा थोडा कीस, आणि झाकायला माझंच रक्त. दंडातून रक्त घेऊन यंत्रात गरगर फिरवतात, त्याची पिवळसर चिकट चकती बनते. पीआरएफ म्हणतात त्याला. अण्णा असते तर त्यांना हे पटलं असतं, असं वाटतं.

ऑपरेशन मेच्या सुट्टीत झालं. बधिर केल्यावर दुखलं काहीच नाही. हिरडी बाजूला करून गालाकडच्या हाडाला छोटी खिडकी पाडली आणि आतला पडदा अलगद वर ढकलला. "अंड्याच्या टरफलाच्या आत असतो ना, तसा पापुद्रा... सॉरी सर, कांद्याचा पापुद्रा समजा," मॅडम मास्कमधून म्हणाल्या. तोंड उघडं असताना हसता येत नाही, हे तेव्हा कळलं.

खरा त्रास पुढं. गाल बटाट्यासारखा सुजला, डोळ्याखाली निळं झालं, पण ते पाच दिवसांत ओसरलं. सूचनांचा कागद मात्र भारी होता. नाक शिंकरायचं नाही, स्ट्रॉनं प्यायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून शिंकायचं, आणि फुंकायचं काहीही नाही. म्हणजे शिट्टी बंद. उन्हाळी शिबिरात खो-खोचा सराव मी टाळ्या वाजवून घेतला. नवव्या दिवशी जिभेवर मिठाच्या खड्यासारखं काहीतरी आलं. ग्राफ्टचे दाणे! सकाळी सहाला फोन केला. "किती आले?" "तीन." "तीनला काही होत नाही, वाटीभर आले तर या." तरी दुपारी बोलावून टाके तपासलेच.

नोव्हेंबरमध्ये, दिवाळीच्या सुट्टीत, पुन्हा स्कॅन काढला. ३.५ च्या जागी साडेअकरा मिमी. इम्प्लांट बसवायला अर्धा तास लागला. टायटॅनियमचा स्क्रू आहे हा, आणि हाड त्याला धरतं कसं, हे ब्रोनेमार्क या स्वीडिश शास्त्रज्ञाला सशाच्या पायात बसवलेली टायटॅनियमची कुपी निघेना, तेव्हा कळलं. माणसाच्या जबड्यात त्यांनी ते पहिल्यांदा १९६५ मध्ये वापरलं. माझ्या स्क्रूची पकड यंत्रानं मोजली, शंभरपैकी ६८. एप्रिल २०२४ मध्ये कॅप बसवताना ७४. मला बोर्डाच्या परीक्षेतही इतके पडले नव्हते.

एकूण खर्च ७४ हजार. मेडिक्लेमवाल्यांनी दातांचं नाव काढताच हात वर केले.

"किती टक्के यशस्वी होतं?" हे मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. उत्तर मिळालं ते असं, की दहा वर्षांनी शंभरातले नव्वदहून जास्त स्क्रू जागेवर असतात, ग्राफ्ट केलेल्या हाडातसुद्धा. पण जागेवर असणं वेगळं आणि यशस्वी असणं वेगळं. पहिल्या वर्षी भोवतीचं हाड मिलिमीटरभर उतरलेलं चालतं, नंतर वर्षाला ०.२ मिमीपेक्षा जास्त नको, हिरडीतून रक्त नको, पू नको. म्हणून दर सहा महिन्यांनी तपासणी. माझं पहिल्या वर्षी ०.७ मिमी उतरलं, दुसऱ्या वर्षी हललं नाही.

एक फरक मात्र आहे. आपल्या दाताच्या मुळाभोवती तंतूंची गादी असते, तिच्यामुळं भातातला खडा लगेच कळतो. इम्प्लांटला ती गादी नाही. खडा कळतो, पण जरा उशिरा, शेजाऱ्यानं निरोप दिल्यासारखा.

मागच्या तपासणीला मॅडमनी कॅप बघितली, रोज आतून ब्रश फिरवतो म्हणून शाबासकी दिली आणि आरसा उजवीकडच्या बाकीच्या दातांवर फिरवत थांबल्या. "सर, या बाजूला कीटण जास्त साठलंय. तुम्ही अजून डावीकडूनच जेवता का?"

घरी येऊन बायकोला सांगितलं. तिनं काही न बोलता ताटात भाजलेले शेंगदाणे ठेवले आणि समोर बसून माझ्या उजव्या गालाकडं बघत राहिली.