पट्टणकोडोलीची खळ

पन्हाळा, जोतिबा, रंकाळा सगळं झालं, पण त्याबद्दल लिहावंसं वाटत नाही. सगळीकडे गर्दी आणि मोबाईल. लिहायचंय ते हुपरीजवळच्या पट्टणकोडोलीबद्दल. विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्यानं पिवळं होणारं हे गाव आम्ही गेलो तेव्हा अगदी शांत होतं.

देवळाकडून परतताना एका बोळात घोंगड्यासाठी काळ्या लोकरीचा ताणा, म्हणजे उभे धागे, पसरलेला दिसला. एक आजी कुंच्यानं त्यावर खळ चढवत होत्या. चिंचोके भाजायचे, टरफलं काढून भिजवायचे, वाटून शिजवायचे. ही खळ लागली की लोकरीचे सुटे तंतू बसतात, धागा ताठ होतो आणि मागाचा ताण सोसतो. पावसाळ्यात ती वाळत नाही, म्हणून काम रेंगाळतं. मी पातेल्याकडे नुसती बघत उभी होते.

"हात घाल की पोरी. बघून काय कळतंय?"

घातला. कोमट, गुळगुळीत, आंबूस वासाची. बोटांवर वाळली तशी कातडी ओढल्यासारखी झाली.

आत त्यांचा मुलगा खड्ड्याच्या मागावर बसला होता. धागा तुटला. त्यानं दोन्ही टोकं उलगडली, एकावर एक ठेवली, ओल्या बोटांनी पीळ दिला आणि पुढं विणायला लागला. कुठं जोडलं, मला शोधूनही सापडेना. लोकर दख्खनी मेंढीची, रंग मेंढीचाच. जावळाचं, म्हणजे कोकराच्या पहिल्या कातरणीचं घोंगडं सगळ्यात मऊ.

तेवढ्यात एक जोडपं आलं. "टोचतं हो हे. दुकानात ब्लँकेट निम्म्या किमतीत मिळतं," म्हणत घासाघीस करू लागलं. मला भयंकर राग आला. धनगराच्या डोक्यावर खोळ होऊन आषाढाचा पाऊस अंगावर घेणारं हे वस्त्र, त्याची तुलना कशाशी करता!

पण तो राग पुरता खरा नव्हता. गावचं घर विकताना आजोबांचं घोंगडं मीच रंगाऱ्याला फरशी पुसायला दिलं होतं. थंडीत आम्ही तिघं भावंडं त्यात मावायचो.

त्यांनी सांगितलेल्या किमतीलाच मी घोंगडं घेतलं. घडी घालताना आजी म्हणाल्या, "गरम पाण्यात बुडवू नगंस, आटतंय. उन्हात टाकायचं आन् झटकायचं."

आजोबाही दर दिवाळीला अंगणात तेच करायचे.