जळगाव ते मडगाव, मोपामार्गे

ताईचं घर मडगावला, आम्ही अमळनेरचे. इतकी वर्षं तिच्याकडे जायचं म्हणजे भुसावळला जाऊन गोवा एक्स्प्रेस धरायची आणि मनमाड, पुणे, मिरज, बेळगाव करत जवळपास अख्खा दिवस गाडीत काढायचा. आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि तिचं जाणंच बंद झालं. २०२४ च्या एप्रिलमध्ये जळगावहून गोव्याचं थेट विमान सुरू झालं तेव्हापासून ती मागे लागली होती. गेल्या हिवाळ्यात योग आला. आईबाबांना घेऊन जाणारं कुणी हे वाचत असेल, तर आमची झाली ती धावपळ त्यांची होऊ नये म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली चूक घरातूनच झाली. तिकीट आम्ही एजंटकडून काढलं. त्याने नुसतं "गोवा" सांगितलं, आम्हीही नुसतं "गोवा" ऐकलं. ताईला निरोप गेला, तिने भाच्याला गाडी घेऊन दाबोळीला पाठवलं. मडगावकरांसाठी विमानतळ म्हणजे दाबोळीच. घरापासून पंचवीसेक किलोमीटर. पण गोव्यात आता दोन विमानतळ आहेत. दाबोळी जुना, नौदलाच्या ताब्यातला. मोपा नवा, उत्तरेला पेडणे तालुक्यात. तिथली वाहतूक जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाली. आमचं विमान मोपाचं होतं. तिकिटावर हे लिहिलेलं असतं, फक्त बारीक अक्षरात: दाबोळीचा कोड जीओआय, मोपाचा जीओएक्स. शेवटचं एक अक्षर वेगळं, आणि रस्त्याने अंतर साठ किलोमीटरच्या घरात. तिकीट हातात आलं की आधी ते अक्षर बघा आणि घ्यायला येणाऱ्याला "गोवा" न सांगता "मोपा" सांगा.

अमळनेरहून धरणगाव, पाळधी करत आम्ही जळगावला आलो. विमानतळ अजिंठा रस्त्यावर, कुसुंब्याजवळ; अजिंठा चौफुलीवरून फार वेळ लागत नाही. वाटेत ट्रकांची गर्दी असते, म्हणून अर्धा तास हाताशी ठेवा. विमानतळ लहान आहे आणि म्हाताऱ्या माणसासाठी हेच फार चांगलं. मुंबईसारखी मैलभर चाल नाही. दारातून आत, सामान दिलं, तपासणी झाली, बसलो. सगळं एका नजरेत.

सामानाबद्दल नीट ऐका. आईने ताईसाठी भरताची वांगी, कळण्याचं पीठ, बिबडे, उडदाचे पापड आणि काळ्या मसाल्यासाठी सुक्या खोबऱ्याच्या वाट्या घेतल्या होत्या. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "खोबरं आहे का?" आई अभिमानाने हो म्हणाली. सुक्या खोबऱ्यात तेल फार, ते पेट घेऊ शकतं, म्हणून चेक-इनच्या सामानात चालत नाही. तिथेच जमिनीवर बसून बॅग उघडली. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या सहा वाट्या एकेक करून बाहेर काढल्या आणि सोडायला आलेल्या ड्रायव्हरदादांच्या हाती परत पाठवल्या. आईचा चेहरा एवढासा झाला. मसाला घरीच कुटून न्या. तोही मोठ्या बॅगेत ठेवा, हातातल्या पिशवीत तिखट आणि लोणचं अडवतात. विमानात वरचे कप्पेही बुटके असतात, त्यामुळे चाकांची मोठी बॅग आत न्यायचा हट्ट करू नका.

विमान एटीआर-७२, सत्तरेक माणसांचं, पंख्याचं. विमान उभं असतं तिथपर्यंत चालतच जायचं. प्रवाशांचं दार मागच्या बाजूला, आणि दार उघडलं की तेच खाली येऊन त्याच्या पायऱ्या होतात. पायऱ्या पाच-सहाच, पण अरुंद आणि थोड्या उभ्या. आई कठड्याला धरून एकेक पायरी दोन्ही पाय टेकवत चढली, मागून मी हात दिला. गुडघ्याचा त्रास असेल तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागा आणि शेवटच्या रांगांमधली जागा घ्या. दार जवळ पडतं आणि पंख्यांचा आवाजही मागे कमी. पंख विमानाच्या वर असल्यामुळे कुठल्याही खिडकीतून खालचं दिसतं. मला वाटलं होतं आई पंखे बघून घाबरेल. सहा पात्यांचा तो पंखा हळूहळू फिरत धूसर झाला, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "पंखा फिरी राह्यना ना, मंग काय भ्याव शे?"

खाली केळीच्या बागांचे हिरवे चौकोन मागे पडले, मग अजिंठ्याचे डोंगर. पावणेदोन तासांच्या आसपास वेळ लागला. मोपाच्या लाल जांभ्याच्या पठारावर उतरलो, फोन चालू केला, तर भाच्याचे सात मिस्ड कॉल. तो दाबोळीला उभा. त्याला म्हटलं, येऊ नकोस बाळा, आम्हीच येतो. गोव्यात ओला-उबर चालत नाहीत. विमानतळावरच्या टॅक्सी काउंटरवरून गाडी केली. धारगळला महामार्ग, मग म्हापसा, पणजी, झुआरीचा नवा पूल करत मडगावला पोहोचायला दोन तास गेले आणि अडीच हजारांच्या वर रुपये गेले. म्हणजे विमानात जेवढा वेळ, त्याहून जास्त टॅक्सीत.

येताना शहाण्यासारखं केलं. शेवटची रात्र पणजीला नातेवाइकांकडे राहिलो आणि कदंबाच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी एसटीच्या, विमानतळ बसने मोपाला आलो. बस स्वच्छ, भाडं टॅक्सीच्या मानाने किरकोळ. फक्त वेळापत्रक आदल्या दिवशी बघून ठेवा.

मडगावात दाजी म्हणाले, "तुमचं विमान दाबोळीला का उतरवत नाहीत?" त्यांना असं वाटणं साहजिक, पण मला ते पटत नाही. दाबोळीला नौदलाच्या सरावासाठी आठवड्यातले काही तास राखीव असतात, उरलेल्या वेळेत सगळ्यांची झुंबड. अशा ठिकाणी सत्तर माणसांच्या विमानाला चांगली वेळ कोण देणार? धावपट्टीवरची एक वेळ एटीआरही घेतं आणि एकशेऐंशी माणसांचं जेटही. मुंबईत आपण हे भोगलं आहे. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते. २०१७ च्या डिसेंबरमध्ये छोटी शहरं विमानाने जोडायच्या सरकारी उडान योजनेत जळगाव-मुंबई सुरू झालं तेव्हापासून वेळेचं रडगाणं आहे. मधली काही वर्षं तर जळगावचा विमानतळ ओस पडला होता. आपली धावपट्टी जेमतेम पावणेदोन किलोमीटरची. तिथे आज एटीआरच येणार, आणि एटीआरला जागा मिळेल ती दुसऱ्या विमानतळावरच.

म्हणून नवी मुंबईकडे माझे डोळे लागले आहेत. २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून विमानं उडतात. आपली किती माणसं पनवेल, खारघर, डोंबिवलीला राहतात! खारघरच्या टाटा कॅन्सर केंद्रात उपचाराला जाणारे आपल्या प्रत्येक तालुक्यात सापडतील. त्यांना सांताक्रूझच्या जुन्या विमानतळापेक्षा उलव्याचा हा नवा जवळ. जळगावची छोटी विमानं तिथे गेली तर कुणी "मुंबईबाहेर टाकलं" म्हणून ओरडू नये. मागायचं ते वेगळं मागावं: सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल अशी वेळ, आणि विमानतळाच्या दारातून पनवेल स्टेशनपर्यंत बस. ती बस नसेल तर आमचं मोपाला झालं तेच तिथे होईल.

मोपा कुणाला सोयीचं, तेही सांगते. पेडणे, म्हापसा, पणजीला जाणाऱ्यांना उत्तम. बांदा, सावंतवाडी तर अगदी जवळ. कोकणात मुलगी दिलेल्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. मडगाव, काणकोणवाल्यांनी टॅक्सीचे पैसे तिकिटात धरूनच हिशोब करावा. आणि ही विमानं रोज नसतात, वारही बदलतात. जायचं तिकीट काढण्याआधी परतीचा वार बघा. ताई आता उन्हाळ्यात माहेरी येणार आहे. आईने तिला फोनवर पहिलं वाक्य सांगितलं ते वाराचं, आणि दुसरं खोबऱ्याचं.