आईबरोबर केळकर संग्रहालयात

काल आईला घेऊन बाजीराव रोडवरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेले. कोथरूडहून मेट्रोने मंडई, तिथून रमतगमत पायी. शाळेच्या सहलीनंतर मी थेट कालच गेले, आणि आई तर पहिल्यांदाच.

अडकित्त्यांच्या कपाटापाशी आई थांबली ती थांबलीच. घोड्याच्या आकाराचे, मोराच्या आकाराचे, कितीतरी! पुढे वज्र्या होत्या. पाय घासायची साधी वस्तू, पण तिच्यावरही नक्षी. काचेला बोट टेकवून आई म्हणाली, "अगं, अश्शी होती आजीकडे. न्हाणीघरात, डाव्या कोनाड्यात." आजीच्या न्हाणीघराबद्दल ती आजवर कधी बोलली नव्हती. मग बोलतच राहिली. तांब्याचा बंब, शिकेकाईचा वास, दिवाळीतली पहाट.

हे सगळं दिनकर केळकरांनी गावोगाव फिरून जमवलं. चष्म्याचा व्यवसाय करणारा, 'अज्ञातवासी' नावाने कविता लिहिणारा माणूस. लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव त्यांनी संग्रहालयाला दिलं. ते वाचून आई बराच वेळ गप्प होती.

मस्तानी महाल बघून बाहेर आलो, तर उन्हाने जीव नकोसा झालेला. जवळच्याच दुकानात आंबा मस्तानी घेतली. एकीत दोघी. वरचा आइस्क्रीमचा गोळा आईने माझ्याकडे सरकवला, लहानपणी सरकवायची तसाच.

पुढच्या रविवारी पाताळेश्वर. अख्ख्या खडकात कोरलेलं आठव्या शतकातलं लेणं, तेही जंगली महाराज रोडवर! आईने आत्ताच विचारलंय, किती वाजता निघायचं?